पिवळ्या वायरीचा हिशोब: साडेचारशे वॉटचा एसएमपीएस आणि आरटीएक्स ३०६०

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका मुलाचा आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. तो विचारतोय एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, आणि आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाबद्दल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, माझ्याकडे आय-५ १२४००एफ प्रोसेसर, एच ६१० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस आहे. आत्तापर्यंत जीटी ७१० या छोट्या कार्डावर भागवलं. आता मित्राचं आरटीएक्स ३०६० आठ दिवसांसाठी आणून लावलंय, तो ते मला विकणार आहे. एसएमपीएसला आठ पिनची वायर नव्हती म्हणून अडॅप्टर लावला. विंडोज नीट चालतं, पण गेम लावला की दहा मिनिटांत पीसी फटकन बंद. कार्ड खराब आहे का? दुकानदार म्हणतो ७५० वॉट घे, मित्र म्हणतो ४५० भरपूर झाले, कार्डाच्या खोक्यावर ५५० लिहिलंय. बाबा म्हणतात, मोठा एसएमपीएस घेतला की बिल वाढेल. खरं कोणाचं?" सोबत त्याने एसएमपीएसच्या लेबलचा आणि अडॅप्टरचा फोटो पाठवलाय.

आधी एक काम कर. पीसी बंद कर, भिंतीवरचं बटण बंद कर, आणि तो अडॅप्टर काढून बाजूला ठेव. मग पुढचं वाच. कार्ड बहुतेक ठणठणीत आहे, पण या एसएमपीएसवर ते परत चालवून बघू नकोस.

आता तुझ्याच फोटोतलं लेबल बघ. वर मोठ्या लाल अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक अक्षरात तक्ता: ३.३ व्होल्टला १४ अँपिअर, ५ व्होल्टला १५, १२ व्होल्टला १६, उणे १२ ला ०.३, आणि स्टँडबायच्या ५ व्होल्टला २. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे तू अकरावीत शिकलास. कर गुणाकार. ४६, ७५, १९२, साधारण ४ आणि १०. बेरीज ३२७ च्या आसपास येते. म्हणजे लेबलवरचे सगळे आकडे खरे धरले आणि सगळ्या वायरींवर एकाच वेळी पूर्ण भार टाकला, तरी त्याच लेबलच्या हिशोबाने ४५० होत नाहीत. छापणाऱ्याने बेरीज करून बघायचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत.

तरीही हा ३२७ आकडा तुझ्या कामाचा नाही. तुझ्या कामाचा आकडा फक्त पिवळ्या वायरीचा, म्हणजे १२ व्होल्टचा. आजच्या पीसीत प्रोसेसर १२ व्होल्टवर जगतो, ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर, पंखेही १२ व्होल्टवर. लाल आणि नारिंगी वायरींवर एसएसडी, यूएसबी, थोडंफार बोर्डाचं काम एवढंच उरतं. पेंटियम तीनच्या काळात गोष्ट उलटी होती. प्रोसेसरला ५ व्होल्टवरूनच खायला मिळायचं, म्हणून एसएमपीएस त्या बाजूला जड असायचे. २००० साली पेंटियम चारबरोबर बोर्डावर १२ व्होल्टची चार पिनची वेगळी जोडणी आली आणि भार पिवळ्या वायरीवर सरकला. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारे बरेच एसएमपीएस मात्र अजून त्या जुन्या नकाशावरच निघतात. ५ व्होल्टला भरघोस, १२ व्होल्टला कंजुषी. तुझ्या लेबलवर हेच दिसतंय. १९२ वॉट, तेसुद्धा छापणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला तर.

समोर मागणी किती? आरटीएक्स ३०६० म्हणजे १७० वॉट. १२४००एफ चा मूळ आकडा ६५ आहे, पण पूर्ण जोर लावला की इंटेलच्याच कागदावर ११७ पर्यंत जातो. गेममध्ये तो सहसा तिथवर जात नाही, ६०-७० च्या आसपास राहतो, पण शेडर (गेमची चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना किंवा मागे काही कॉम्प्रेस होत असेल तर जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, कीबोर्डचे रंगीत दिवे मिळून ४० धर. गेममध्ये २८० च्या घरात, वाईट क्षणी सव्वातीनशे. यातला बहुतेक भाग १२ व्होल्टवर, म्हणजे २२ ते २५ अँपिअर. तुझ्याकडे कागदावर १६. दहा मिनिटं चालला हेच पुष्कळ झालं.

मग विंडोज का नीट चालतं? कारण डेस्कटॉपवर ३०६० पंधरा-वीस वॉटवर डुलक्या काढत असतं. गेम सुरू झाला की ते जागं होतं. एसएमपीएस तापत जातो, १२ व्होल्ट खाली घसरत जातात, आणि कुठेतरी संरक्षण तरी काम करतं किंवा बोर्ड तरी हात टेकतो. नियमाप्रमाणे १२ व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. मागच्या वर्षी लोकमान्य नगरचा एक मुलगा असाच पीसी घेऊन आला होता. रिकाम्या मोलेक्सच्या, म्हणजे जुन्या चार पिनच्या कनेक्टरच्या, पिवळ्या-काळ्या पिनांत मीटरच्या सळ्या घालून बसलो. नुसता डेस्कटॉप असताना १२.१. गेम लावल्यावर ११.७. पाच मिनिटांनी ११.५. मग ११.३, आणि खट. त्याच वेळी लाल वायरीवर ५.३ दिसत होते, म्हणजे तिकडे हद्द ओलांडून वर. स्वस्त एसएमपीएसमध्ये दोन्ही व्होल्टेज एकाच चोकवर (तारेच्या गुंडाळीवर) जुंपलेली असतात आणि सांभाळणारी आयसी दोघांची मिळून सरासरी बघते. पिवळीवर ओझं पडलं की ती दबते, आयसी जोर वाढवते, आणि बिनकामाची लाल वायर वर उडते. जुवाखाली एक बैल बसला की दुसऱ्याची बाजू वर जाते, तसंच. त्या मुलाने तीन दुकानं फिरून कार्ड दोनदा बदलून आणलं होतं. एसएमपीएस बदलल्यावर पहिलंच कार्ड परत लावलं, ते आजही चालतंय.

तुला आपली खात्री करायची असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदी उघड. 'कर्नल-पॉवर' आणि समोर ४१ अशी लाल नोंद दर बंद पडण्याच्या वेळी सापडेल. तिचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट मिटवलं न जाताच वीज गेली किंवा मशीन रिसेट झालं. कोणामुळे, ते ती सांगत नाही. पण ड्रायव्हर किंवा गेम बिघडला असेल तर बहुधा आधी पडदा गोठतो, निळा पडदा येतो किंवा गेम एकटाच बंद होतो. अख्खी मशीन दिवे-पंख्यांसकट एका झटक्यात जाते तेव्हा मी आधी एसएमपीएसकडे बघतो. दुसरा क्रमांक प्रोसेसरच्या तापमानाचा, तेही तपास, फुकटात होतं.

आता अडॅप्टर. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रकरणात हीच सर्वांत धोक्याची वस्तू आहे. कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट, त्यातले १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर म्हणजे ६६, बाकी ३.३ व्होल्टवर. उरलेली वरच्या वायरीतून: सहा पिनची असेल तर ७५, आठ पिनची असेल तर १५० वॉट. आठ पिनमध्ये १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात, म्हणजे प्रत्येकीवर चार-सव्वाचार अँपिअर. चांगल्या एसएमपीएसच्या १८ गेजच्या वायरीला हे किरकोळ आहे. तुझ्या अडॅप्टरच्या खाली दोन मोलेक्स आहेत, आणि फोटोत दिसतंय की ते दोन्ही तू एकाच माळेवर लावलेस. म्हणजे शेवटी सगळा प्रवाह एसएमपीएसमधून निघणाऱ्या एकाच पिवळ्या वायरीतून येतोय. १७० तल्या ११५ वॉट जरी या वाटेने आल्या तरी साडेनऊ अँपिअर, आणि वायर २० गेजची, कदाचित त्याहून बारीक. (गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते, यात बरेच जण फसतात.) फोटो मोठा करून बघ: पांढऱ्या मोलेक्सच्या एका भोकाभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी रंग आलाय. प्लास्टिक भाजल्याची ती खूण. वास आला होता असं तू लिहिलं नाहीस, पण आला असणार.

बाजारात याहून वाईट चीज मिळते, डिस्कला वीज देणारा साटाचा काळा चपटा कनेक्टर खाली आणि वर आठ पिन. साटाला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची ताकद दीड अँपिअर, एकूण ५४ वॉट. त्यातून १५० ओढायला निघालेली जोडणी वितळणारच, किती दिवसांत एवढाच प्रश्न. ती फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

आणखी एक इशारा, कारण नव्या एसएमपीएसबरोबर ही चूक हमखास होते. प्रोसेसरची आठ पिन आणि कार्डाची आठ पिन दिसायला बहिणी-बहिणी आहेत, पण आत पिवळ्या-काळ्यांची जागा उलटी. कार्डाची सहा अधिक दोन अशी फुटते, प्रोसेसरची चार अधिक चार. नीट बसत नाही म्हणून अंगठ्याने दाबू नये. बसत नाही, कारण ती तिथली नाही.

तसंच, मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसच्या सुट्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावायच्या नाहीत. कॉम्प्युटरकडच्या टोकाचा नकाशा ठरलेला असतो, एसएमपीएसकडच्या टोकाचा प्रत्येकाचा आपला. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. नारायण बागेतल्या एका फोटोग्राफरचा पीसी माझ्याकडे आला होता, एसएमपीएस बदलायला. जुन्या साटाच्या वायरी आत नीट बांधलेल्या होत्या, वरचं टोक नव्या एसएमपीएसमध्ये बरोब्बर बसलं, म्हटलं कशाला सोडवा. बटण दाबलं, हार्ड डिस्कमधून बारीकसा 'टक्' आणि मग तो वास. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले होते. आत दोन लग्नांचे फोटो. डेटा काढून आणायचा खर्च मी भरला, एका लग्नाचे आले, दुसऱ्याचे अर्धेच. त्या नवरा-नवरीच्या घरावरून गाडी नेताना मी अजून मान खाली घालतो.

असो. आता ४५०, ५५०, ७५० या भांडणाकडे येऊ.

कार्ड बनवणाऱ्याला तुझा बाकीचा पीसी माहीत नसतो. खोक्यावरचा ५५० लिहिताना तो गृहीत धरतो, की प्रोसेसर बराच मोठा असू शकतो, चार डिस्क असू शकतात, आणि एसएमपीएस यथातथाच असणार. म्हणून १७० वॉटच्या ३०६० ला एनव्हिडिया ५५० सांगते आणि ११५ वॉटच्या ४०६० लाही ५५०च सांगते. दोन्ही कार्डांत ५५ वॉटचा फरक आहे, शिफारशीत शून्य. एएमडी १३२ वॉटच्या आरएक्स ६६०० ला ४५० सांगते. हे आकडे खोटे नाहीत, पण ते तुझ्यासाठी शिवलेले नाहीत, तयार कपड्यांच्या मापासारखे आहेत.

तुझ्या मित्राचं बरोबर आहे, पण तो चांगल्या ४५० बद्दल बोलतोय. चांगल्या ४५० वर १२ व्होल्टला ३६-३७ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद पिवळ्या वायरीवर देता येते. त्यावर १२४००एफ आणि ३०६० चालतं. लेबलवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची आपल्या मनाने बेरीज करू नकोस, खाली दोघांचा मिळून वेगळा वॉटचा आकडा दिलेला असतो, तो वाच. तरी मी तुला ५५० च घ्यायला सांगेन, कारण आहे ते झटक्याचं. कार्डाचा १७० हा सरासरी आकडा आहे. मिलिसेकंदाच्या हिशोबात बघितलं तर ते क्षणभर त्याच्या दीडपट-दुप्पट ओढून जातं, आणि ३००० मालिकेपासून ही खोड जास्तच वाढली. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या नियमावलीत तर मोठ्या एसएमपीएसनी १०० मायक्रोसेकंदापुरता दुप्पट भार सोसला पाहिजे असा नियमच घातला. साध्या एसएमपीएसला तो झटका शॉर्टसर्किट वाटतो आणि तो झोपतो.

आणि इंदूरचा मे महिना. एसएमपीएसची ताकद कोणत्या तापमानाला मोजली हे चांगल्या कंपन्या सांगतात, ४० किंवा ५० अंश. स्वस्तातल्या डब्याची २५ अंशाला मोजलेली असते, मोजली असेल तर. आपल्याकडे दुपारी बाहेरच चाळीसच्या वर जातं, खोली वरच्या मजल्यावर, कॅबिनेट पलंग आणि भिंत यांच्या सांदीत. शब-ए-मालव्याचा, म्हणजे माळव्याच्या रात्रीचा, गार वारा कविता-गाण्यात असेल, कॅबिनेटच्या आत तो येत नाही. त्यामुळे थोडी मोकळीक ठेवायची ती या गरमीसाठी. ७५० चं म्हणशील तर तुझ्या दुकानदाराने तुला फसवलं असं मी म्हणणार नाही. तुला पुढे ३०० वॉटचं कार्ड घ्यायचं असेल तर घे. पण तोच पैसा आत्ता वाया आहे, आणि हलका ७५० घेण्यापेक्षा भला ५५० घ्यावा.

भला कसा ओळखायचा? ८० प्लस ब्राँझचा शिक्का बघ. अर्ध्या भाराला ८५ टक्के कार्यक्षमता असा त्याचा अर्थ. खरं तर तो शिक्का फक्त विजेच्या बचतीबद्दल बोलतो, टिकाऊपणाबद्दल अवाक्षर नाही. पण आत दळभद्री माल भरून ८५ टक्के गाठणं अवघड जातं, म्हणून खूण म्हणून चालतो. पाच वर्षांची वॉरंटी देत असतील तर आणखी बरं. कार्डाची सहा-अधिक-दोनची वायर थेट आतून येतेय ना, बघ. आणि हातात घेऊन वजन बघ. पोह्याच्या ठेल्यावर पुडा हातात घेतला की किती पोहे आहेत ते कळतं ना, तसं. एकदा मी असाच एक मेलेला '५०० वॉट' उघडला होता. (तू उघडू नकोस. मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो.) आत यायच्या विजेचा फिल्टर जिथे असायला हवा तिथे सर्किट बोर्डावर गुंडाळीचं चित्र छापलेलं होतं, नाव-नंबरासकट, आणि गुंडाळीच्या जागी दोन जोडतारा डकवलेल्या. कपॅसिटरच्या दोन जागा रिकाम्या. ट्रान्सफॉर्मर आगपेटीएवढा. पंखा मात्र मस्त, निळे दिवेवाला.

भाव रोज वर-खाली होतात, पण ब्राँझचा ५५० साधारण चार हजारांच्या आसपास धरून चाल. तुझं बजेट ठरलेलं असेल तर हे चार हजार कार्डातून काप. इथेच सगळे कुरकुरतात. "काका, एसएमपीएसने फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात का?" नाही वाढत. पण तुझ्याकडे आज ३०६० आहे आणि तुला परत जीटी ७१० वर जावं लागतंय.

कार्डाबद्दल विचारलं नाहीस तरी सांगतो. मित्राचं ३०६० ठीक आहे, १२ जीबीचं असेल तर जास्त ठीक. त्याऐवजी आरएक्स ६६०० बऱ्या भावात मिळालं तर १३२ वॉटमध्ये काम होतं, आणि मग चांगला ४५० निवांत पुरतो. ज्याच्यापासून दूर राहा म्हणेन ते म्हणजे मायनिंगमधून (कार्डं रात्रंदिवस चालवून आभासी चलन कमावण्यातून) सुटलेलं आरएक्स ५८०. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ही कार्डं पोत्यांनी बाजारात आली. स्वस्त दिसतं, पण ओढतं १८५ वॉट, म्हणजे ३०६० पेक्षा जास्त, आणि खेळतं त्याच्यापेक्षा बरंच कमी. बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्राम, बदललेला असू शकतो ते वेगळंच. कार्डात वाचवलेले पैसे एसएमपीएस आणि पंख्यांत जातात.

हे वाचणाऱ्यांत काही जण ऑफिसमधून निघालेले सेकंडहँड डेल-एचपी घेतलेले असतील, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यात १८० ते २४० वॉटचा एसएमपीएस असतो, पण तो प्रामाणिक असतो, २४० म्हणजे २४०. अडचण अशी की बऱ्याच मॉडेलांत बोर्डाची जोडणी कंपनीची स्वतःची असते, बाजारातला २४ पिनचा एसएमपीएस सरळ बसत नाही. त्यांनी वरून वायर न लागणारं कार्ड शोधावं, म्हणजे ७५ वॉटच्या आतलं. जुनं जीटीएक्स १०५० टीआय, १६५०, किंवा नवं हवं असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी, जे २०२४ मध्ये ७० वॉटवर आलं. इथे नीट बघा: ३०५० चं ८ जीबी वेगळं, ते १३० वॉटचं आणि त्याला वायर लागते. १६५० मध्येही काही कंपन्यांनी सहा पिन ठेवली आहे, काहींनी नाही, त्यामुळे नावावर न जाता कार्डाच्या कडेचा फोटो मागवा. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉटचं आहे, पण त्याला स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, जुन्या, तिसऱ्या पिढीचा स्लॉट असलेल्या बोर्डावर ते लंगडतं, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करून टाकणाऱ्यांना उपयोग नाही. लहान चपट्या पेटीत कमी उंचीचं कार्ड लागेल, आणि स्लॉटला पूर्ण ७५ मिळतात का ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघावं. स्लॉटवर जास्त ओझं टाकणं मोठ्या कंपनीलाही महागात पडतं. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० निघालं तेव्हा ते स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त ओढतंय असं परीक्षणांत दिसलं, आणि दोनेक आठवड्यांत एएमडीला नवा ड्रायव्हर काढून ते आवरावं लागलं.

बाबांचं बिल. एसएमपीएसवरचा आकडा म्हणजे त्याची क्षमता. पाण्याची टाकी मोठी बसवली म्हणून घरात पाणी जास्त वापरलं जात नाही. कॉम्प्युटरला २८० वॉट लागत असतील तर ८५ टक्केवाला भिंतीतून ३३० घेईल, ७० टक्केवाला ४००. म्हणजे तुझा फुकटचा डबाच बिल वाढवतोय. रोज चार तास खेळलास तर साधारण दिवसाला सव्वा-दीड युनिट, महिन्याला चाळीस. ते कमी करायचं असेल तर उपाय तुझ्या हातात आहे. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि गेम १४० फ्रेम काढत असेल तर वरच्या ८० तुला दिसतच नाहीत, कार्ड उगाच तापतं. फ्रेमला ६० ची मर्यादा घाल. माझ्याकडे भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा मीटर आहे, एका जुन्या गेममध्ये या एका बदलाने आकडा २४० वरून १६० च्या खाली आलेला मी बघितलाय. दुसरं, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी ८० वर ओढ. ३०६० मग १३६ वॉटवर थांबतं आणि फ्रेम थोड्याच कमी होतात, खेळताना कळणारही नाहीत. पण हे नवा एसएमपीएस घेतल्यावर. आत्ताच्या डब्यावर ही पट्टी ओढून दिवस काढायचा विचार मनात आला असेल, तर नको. सरासरी खाली येते, झटके राहतातच, आणि ती भाजलेली पिनही तिथेच राहते.

यूपीएसबद्दल दोन ओळी. घराघरांत असतो तो ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा. गेम चालू असताना तू मॉनिटरसकट ३५० च्या आसपास असशील, कागदावर जेमतेम बसतं, पण बॅटरी मिनिटांत संपेल. लाईट गेली की सेव्ह कर, बंद कर. नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतला प्रवाह सुरळीत ओढणारं सर्किट) असेल, आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही वेळा त्याला सोसत नाही. बॅटरीवर गेल्याबरोबर पीसी बंद पडला तर एसएमपीएस परत करायला पळू नकोस, आधी यूपीएस बदलून बघ.

शेवटचं अर्थिंगचं, आणि हे मी प्रत्येकाला विचारतो. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायाने हात लावल्यावर मुंग्या येतात का? रामबागेतल्या आमच्या जुन्या घरांत हे सर्रास आहे. तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसेल तर पत्रा मधेच लटकतो, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह इवलासा असल्यामुळे चिमटा बसतो इतकंच, पण त्याच अवस्थेत एचडीएमआय वायर टीव्हीला लावली की कार्डाचं पोर्ट जाऊ शकतं. म्हणजे गंमत अशी की फिल्टर नसलेल्या डब्याने मुंग्या येत नव्हत्या आणि चांगला एसएमपीएस लावल्यावर यायला लागल्या, आणि लोक चांगल्यालाच दोष देतात. वायरमनला बोलावून मोजून घे: फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. नसेल तर बाबांना सांग, एसएमपीएसच्या आधी हे करायचं.

मग क्रम असा लावू. अर्थिंग, मग ५५० चा ब्राँझ, मग कार्ड. मित्राला सांग, पैसे त्याच्या कार्डाने नव्या एसएमपीएसवर दोन तास गेम चालवल्यावर. तोवर जीटी ७१० परत लाव, ते १९ वॉटचं आहे, तुझा डबाही ते सहज ओढेल. नवा एसएमपीएस बसवलास की बटण दाबायच्या आधी आतल्या जोडण्यांचा एक फोटो पाठव. आणि तो अडॅप्टर ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस, भंगारवाल्यालाही अख्खा देऊ नकोस. कात्रीने मधोमध काप आणि मगच टाक, नाहीतर तो पुन्हा कुणाच्या तरी पीसीत लागेल.